फोनवरून लॅपटॉपला नेट : अडचणीच्या दिवसाआधी करायची तयारी

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. महावितरणची देखभालीची कामं बहुधा याच दिवशी निघतात, महापालिकेचं पाणीही अनेकदा याच दिवशी बंद असतं. पाण्याची सोय आपण आदल्या रात्री पिंपं भरून करतो. नेटची सोय मात्र कोणी करून ठेवत नाही. सकाळी दहाला वीज जाते, राउटरचे दिवे मालवतात, आणि अकराच्या बैठकीला पाच मिनिटं उरलेली असताना घरातलं कोणीतरी फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट’ कुठे असतं ते शोधायला लागतं.

वीज हे एकच कारण नाही. पावसाळ्याआधी रस्ते खोदले जातात आणि कुदळीखाली केबल सापडते. भाड्याचं घर बदललं की नवं कनेक्शन येईपर्यंतचे दिवस काढावे लागतात. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या खोलीत तर वाय-फाय असतंच असं नाही, फोनचं नेट हेच त्यांचं कायमचं नेट. या सगळ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : फोन लॅपटॉपला जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. अवघड आहे ते जोडल्यावर लॅपटॉपची भूक आवरणं. त्याची तयारी घाईच्या वेळी होत नाही. ती एखाद्या निवांत रविवारी करून ठेवावी.

ही सोय नवी नाही. २००३ च्या सुमारास रिलायन्सच्या सीडीएमए फोनला केबल लावून संगणकावर नेट घेणारे लोक पुण्यात होते. पुढे नोकियाच्या फोनबरोबर येणारा ‘पीसी सूट’ आला, मग डोंगल आलं. २०१२ च्या ऑक्टोबरात एअरटेलने कोलकाता आणि बेंगळुरूपाठोपाठ पुण्यात ४जी सुरू केलं, तेव्हाही ते आधी डोंगल आणि घरच्या राउटरवरच मिळत होतं, कारण ते पकडणारे फोन लोकांच्या हातात नव्हते. आज वेगळं उपकरण लागत नाही. खिशातला फोनच ते काम करतो, आणि बहुतेक वेळा चांगलं करतो.

जोडण्याच्या वाटा तीन : वाय-फाय हॉटस्पॉट, यूएसबी केबल आणि ब्लूटूथ.

हॉटस्पॉट सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. अँड्रॉइड फोनवर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’. सॅमसंगच्या फोनवर हेच ‘कनेक्शन्स’खाली सापडतं. काही कंपन्यांनी त्याला वेगळी जागा आणि जरा वेगळं नाव दिलेलं असतं, अशा वेळी सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘हॉटस्पॉट’ टाइप केलं की सरळ तिथे पोचता येतं. आयफोनवर ‘पर्सनल हॉटस्पॉट’ उघडून ‘अलाऊ अदर्स टू जॉइन’ चालू करायचं. लॅपटॉप पहिल्यांदा जोडताना आयफोनचा तोच पडदा उघडा ठेवावा. तो बंद केला की लॅपटॉपच्या यादीत कधीकधी फोनचं नावच दिसत नाही आणि माणूस उगाच लॅपटॉपला दोष देत बसतो.

चालू करण्याआधी नाव आणि पासवर्ड बघून घ्या. हॉटस्पॉटचं नाव आसपासच्या प्रत्येकाला दिसतं. आयफोन तर फोनचंच नाव हॉटस्पॉटला देतो, आणि फोनच्या नावात बहुतेकांचं स्वतःचं नाव असतं. अभ्यासिकेत किंवा कॅफेत बसलेल्या तरुणीने आपलं नाव असं हवेत लिहून ठेवण्याचं काही कारण नाही. आयफोनवर ‘जनरल’मध्ये ‘अबाऊट’ उघडून नाव बदलता येतं, अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या पानावरच. सुरक्षेच्या पर्यायात ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ असू द्या, ‘ओपन’ किंवा ‘नन’ कधीही नको. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मग तुमचा पासवर्डही आहे, हे लक्षात असू द्या.

त्याच पानावर ‘बँड’ नावाचा पर्याय असतो : २.४ गिगाहर्ट्झ किंवा ५ गिगाहर्ट्झ. त्याचा ५जीशी काही संबंध नाही. फोन आणि लॅपटॉप यांच्यातल्या वाय-फायची ती लहर. २.४ दूरवर पोचते, भिंतीतूनही बऱ्यापैकी जाते, पण पेठेतल्या दाट वस्तीत शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच लहरीवर असल्याने तिथे गर्दी असते. ५ वेगवान, पण अंतर वाढलं की लवकर मंदावते. फोन टेबलावरच असेल तर ५ निवडा. लॅपटॉप जुना असेल आणि त्याला हॉटस्पॉट दिसतच नसेल तर २.४ वर या, कारण बऱ्याच जुन्या लॅपटॉपना ५ पकडता येत नाही. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनवर हे काम ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ या बटणाने होतं, ते चालू केलं की फोन २.४ वर येतो.

एवढं झालं की हॉटस्पॉट चालतो, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. पण ज्याला रोज दोन-चार तास किंवा एखादं महत्त्वाचं काम फोनच्या नेटवर करायचं आहे, त्याने केबलची वाट शिकावी असा माझा आग्रह आहे. केबलने जोडलं की फोन आणि लॅपटॉप यांच्यात वाय-फाय राहत नाही. शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी आड येत नाही, पासवर्ड फुटायची भीती नाही, फोनची बॅटरीही वाय-फाय पसरवण्यात जळत नाही. उलट लॅपटॉपकडून फोन थोडाथोडा चार्ज होत राहतो. वीज नसताना लॅपटॉपच्या बॅटरीवर त्याचा भार पडतो हे खरं, पण बैठकीच्या मध्यात हॉटस्पॉटमुळे फोनची बॅटरी झपाट्याने उतरण्यापेक्षा ते परवडतं.

क्रम असा. आधी केबल लावायची, मग फोनवर ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’मध्ये जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. केबल लावेपर्यंत ते बटण फिकं, न दाबता येणारं असतं. म्हणून ‘माझ्या फोनमध्ये ही सोयच नाही’ असा निष्कर्ष घाईने काढू नका. केबल लावूनही ते फिकंच राहिलं तर पहिला संशयित : केबल. स्वस्त चार्जरबरोबर आलेल्या किंवा रस्त्यावर घेतलेल्या कितीतरी केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. तपासायची युक्ती सोपी आहे. फोन लॅपटॉपला लावा आणि फोनमधले फोटो लॅपटॉपवर दिसतात का बघा. दिसले तर केबल कामाची. अशी एक केबल बाजूला काढून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा आणि ती घरातल्या कोणाला चार्जिंगसाठी देऊ नका.

विंडोज आणि लिनक्स अँड्रॉइड फोनला बहुतेक वेळा आपोआप ओळखतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वाय-फायच्या पंख्याऐवजी छोट्या संगणकाचं चिन्ह येतं, म्हणजे लॅपटॉप त्याला तारेचं नेट समजून वापरतोय. आयफोन विंडोजला केबलने जोडायचा असेल तर लॅपटॉपवर आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हाइसेस’ हे ॲप आधी टाकावं लागतं, आणि फोनवर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर’ असं विचारलं की होकार द्यावा लागतो. आता हे ॲप उतरवायला नेट लागतं, आणि नेट गेल्यावर ते उतरवणार कसं? रविवारची तयारी म्हणतेय ती अशाच गोष्टींसाठी. मॅकबुक आणि आयफोन यांची जोडी विनासायास जमते. मॅकबुकला अँड्रॉइड फोन केबलने जोडणं मात्र बऱ्याच फोनच्या बाबतीत सरळ होत नाही. तिथे वेळ न घालवता हॉटस्पॉट वापरावा.

केबलचा आणखी एक उपयोग फार कमी लोकांना ठाऊक असतो. घरातल्या जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय नसतं. त्याला अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, तर बहुतेक फोन स्वतःला मिळणारं घरचं वाय-फायही त्या डेस्कटॉपला पुरवतात, मोबाइल डेटा खर्च न करता. शाळेच्या प्रकल्पासाठी अडगळीतला संगणक बाहेर काढणाऱ्या घरांना याचा मोठा आधार होतो.

ब्लूटूथबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेग सेकंदाला एक-दोन मेगाबिटच्या आसपास राहतो. ई-मेल बघायला, अर्जाचा मजकूर भरायला तो पुरतो आणि बॅटरी कमी खातो. व्हिडिओसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता भुकेकडे वळू. फोनवर दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असलेल्या माणसाचा डेटा रात्रीपर्यंत पुरतो. तोच फोन त्याने लॅपटॉपला जोडला की दुपारी जेवायच्या आत ‘डेटा संपला’ असा संदेश येतो. लॅपटॉपवर त्याने काही वेगळं केलेलं नसतं, लॅपटॉपने केलेलं असतं. फोनला ठाऊक असतं की आपण मोबाइल डेटावर आहोत, म्हणून तो मोठे अपडेट, फोटोंच्या प्रती वगैरे वाय-फाय येईपर्यंत थांबवून ठेवतो. लॅपटॉपला मात्र हॉटस्पॉट म्हणजे आणखी एक वाय-फाय, आणि केबलने जोडलेला फोन म्हणजे तर पक्कं तारेचं नेट. मग विंडोजचे अपडेट उतरू लागतात, वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्ह फायली वर चढवू लागतात, गेमचं दुकान नवी आवृत्ती आणू लागतं. यूट्यूब मोठा पडदा बघून आपोआप वरच्या दर्जाचं चित्र पाठवतं.

उपाय लॅपटॉपवरच आहे. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग जोडलेल्या वाय-फायचे ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘मीटर्ड कनेक्शन’ नावाचं बटण आहे, ते चालू करा. हे नेट मोजून मिळतं हे लॅपटॉपला त्यातून कळतं. बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्ह हात आवरतं. हॉटस्पॉटसाठी ही खूण एकदा केली की त्या नावाच्या नेटवर्कसाठी ती लक्षात राहते. केबलने जोडल्यावर हेच बटण ‘इथरनेट’खाली वेगळं शोधून चालू करावं लागतं. आणि काही फोन केबलने जोडताना दर वेळी नवं नेटवर्क म्हणून दिसतात, तेव्हा तिथे एकदा नजर टाकायची सवय ठेवावी. मॅकवर वाय-फायच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘लो डेटा मोड’ आहे, तो साधारण हेच काम करतो.

सगळे कार्यक्रम ही खूण पाळत नाहीत. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, गेमची दुकानं यांना स्वतंत्रपणे ‘पॉज’ करावं लागतं. कोण किती खातंय हे विंडोजच्या ‘डेटा युसेज’ या पानावर कार्यक्रमानुसार दिसतं. ते पान ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मध्ये आहे. एकदा दिवसभर हॉटस्पॉटवर काम करून संध्याकाळी ते उघडून बघाच. पहिल्या तीन नावांत ज्याचा तुम्हाला संशयही नव्हता असं एखादं नाव बहुधा निघतं. शाओमीसारख्या काही फोनवर हॉटस्पॉटलाच मर्यादा घालता येते : एवढे एमबी झाले की बंद. दिवसाचा कोटा मोजका असेल तर ती जरूर वापरा.

आता हिशेब. यूट्यूबवरचं तासाभराचं व्याख्यान ४८०च्या दर्जाने बघितलं तर अंदाजे अर्धा जीबी जातो, ७२०ला एक ते दीड जीबी, १०८०ला त्याच्या दुप्पट धरा. म्हणजे दीड जीबीच्या प्लॅनवर ७२०ने व्याख्यान लावलं तर तासा-दीड तासात दिवसाचा कोटा संपला. फळ्यावरची अक्षरं ४८०लाही वाचता येतात, आणि भूगोलाचा नकाशा आला तर तेवढ्यापुरता दर्जा वाढवता येतो. त्याहून बरं म्हणजे घरचं किंवा अभ्यासिकेचं वाय-फाय मिळेल तेव्हा व्याख्यान फोनवर उतरवून ठेवावं. झूम किंवा गुगल मीटवरची व्हिडिओ बैठक तासाला पाऊण जीबीपासून दोन जीबीच्या वरही जाऊ शकते. कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाजावर राहिलात तर तेच शंभर एमबीच्या आसपास भागतं. दुसऱ्यांचा व्हिडिओही खातो, म्हणून झूममध्ये ‘स्टॉप इनकमिंग व्हिडिओ’ हा पर्याय आहे तो लक्षात ठेवा.

कोटा संपल्यावर नेट बंद पडत नाही, बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. एक एमबीचा फोटो अर्जाला जोडायला दोन मिनिटांहून जास्त लागतील, आणि तेवढ्यात सरकारी संकेतस्थळाचं सत्र संपून पुन्हा लॉग इन करावं लागेल. एमपीएससीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्री अकराला ही वेळ आली, तर बारा वाजता नवा कोटा मिळतो पण अर्जाची मुदतही तेव्हाच संपलेली असते. छोटं डेटा व्हाउचर घ्यायचं ते अशा वेळी. ते कसं घ्यायचं आणि त्याचे पैसे कोणत्या ॲपवरून भरायचे हे आधीच बघून ठेवावं, कारण ६४ केबीपीएसवर पैशांचं ॲपही रडतखडतच उघडतं.

अमर्याद ५जी असेल तर ही चिंता नाही, असं अनेकांना वाटतं. त्यात एक खाच आहे. ती मुभा फोन ५जीवर असेपर्यंतच. आतल्या खोलीत गेलात, सिग्नल ४जीवर घसरला, की खर्च दिवसाच्या कोट्यातून सुरू होतो, आणि फोन ते ओरडून सांगत नाही. वरच्या पट्टीतला ‘५जी’चा ‘४जी’ कधी झाला इकडे लक्ष हवं. हॉटस्पॉटच्या वापराबद्दल प्रत्येक कंपनीच्या अटी असतात आणि त्या बदलतात, तेव्हा तुमच्या प्लॅनच्या अटी कंपनीच्याच ॲपवर एकदा वाचून घ्या.

सिग्नलचं गणित पुण्यात घरागणिक बदलतं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी-मातीच्या भिंती, तळघरातल्या अभ्यासिका, चारही बाजूंनी उंच इमारती असलेले पहिल्या मजल्यावरचे फ्लॅट : इथे लहरी आत शिरताना थकतात. आपल्याकडे ५जीचा मोठा भाग ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो. त्या वेगवान असतात पण भिंतीपुढे कमी पडतात. ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी आतवर पोचतात, वेग मात्र कमी देतात. म्हणून नियम एवढाच : फोन सिग्नल असेल तिथे ठेवायचा आणि आपण आपल्या जागी बसायचं. मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर, रस्त्याच्या बाजूला टेकवून ठेवते आणि लॅपटॉप खोलीत. मधलं अंतर हॉटस्पॉट सहज पार करतो. कोणती खिडकी चांगली हे डोळ्यांनी कळत नाही. प्रत्येक खिडकीत फोन ठेवून वेग मोजायच्या ॲपने एकदा तपासा, आणि डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही बघा. बैठकीत तुमचा आवाज तुटतो तो अपलोड कमी पडल्याने.

दांड्या पूर्ण दिसतात आणि तरी काही उघडत नाही, हा अनुभव गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना नवा नाही. दांड्या सिग्नलची ताकद सांगतात, टॉवरवर किती लोक लटकलेत ते सांगत नाहीत. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी तिथे फोन हलवून किंवा बंद-चालू करून काही होत नाही. त्या दिवशीचं महत्त्वाचं काम आधी उरका किंवा गर्दीपासून लांबच्या नातेवाइकाकडे बसा. रोजच्या गर्दीवर मात्र एक उपाय आहे : दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवणं. एका कंपनीचा टॉवर संध्याकाळी दमतो तेव्हा दुसऱ्याचा मोकळा असू शकतो. दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवरून जातोय ते हॉटस्पॉट चालू करण्याआधी बघा. काही फोनवर एका सिमवर कॉल आला की दुसऱ्या सिमचा डेटा थबकतो, हेही एकदा स्वतःलाच कॉल करून तपासून ठेवा.

पुणे-मुंबई प्रवासात डेक्कन क्वीनमध्ये लॅपटॉप उघडणाऱ्यांना घाटाचा अंदाज असतोच. लोणावळा सोडलं की कर्जतपर्यंत बोगदे एकामागोमाग येतात आणि नेट तुटत राहतं. त्या टप्प्यात नेट न लागणारं काम काढावं, आणि काही पाठवायचं असेल तर लोणावळ्याच्या आत पाठवून मोकळं व्हावं. वेल्हे, पानशेत, मुळशीकडे शनिवार-रविवार काढून ‘तिथूनच काम करीन’ असा बेत असेल, तर राहण्याच्या ठिकाणी तुमच्या कंपनीचा सिग्नल येतो का हे तिथल्या माणसाला फोन करून विचारा. डोंगराच्या एका कुशीत येतो आणि दुसऱ्या कुशीत येत नाही.

फोन तापतो याकडे दुर्लक्ष करू नका. एकाच वेळी टॉवरशी बोलणं, वाय-फाय पसरवणं आणि चार्ज होणं ही तीन कामं त्याला गरम करतात. फार तापला की तो आपणहून वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो, कधी हॉटस्पॉटच बंद करतो. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपल सांगतं, आणि पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. कव्हर काढा, उन्हात ठेवू नका, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला असेल तर सावली कुठपर्यंत आहे ते बघा, उशीवर किंवा गादीवर तर मुळीच ठेवू नका.

जोडलंय पण नेट चालत नाही, असं झालं तर गोंधळ न घालता एकेक पायरी उतरा. आधी फोनचं वाय-फाय बंद करून फोनवरच एखादं पान उघडतं का बघा. तिथेच उघडत नसेल तर लॅपटॉपचा काही दोष नाही : मोबाइल डेटा चालू आहे का, कोटा संपलाय का, हे पाहा. विमानाच्या चिन्हाचा ‘एअरप्लेन मोड’ दहा सेकंद चालू करून बंद केला की फोन टॉवरशी नव्याने जुळतो, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. फोनवर उघडतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर लॅपटॉपवरचं ऑफिसचं व्हीपीएन बंद करून बघा. मग हॉटस्पॉटचं नाव लॅपटॉपवर ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. तरीही अडलं तर नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये लॅपटॉपला मिळालेला पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर फोनने त्याला पत्ता दिलेलाच नाही, अशा वेळी हॉटस्पॉट बंद-चालू करावा, नाहीतर फोन रीस्टार्ट करावा. सगळं ठीक असून बँकेची पानं तेवढी ‘असुरक्षित’ दाखवत असतील तर लॅपटॉपची तारीख-वेळ तपासा. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या लॅपटॉपची ती चुकलेली असते. आणि हॉटस्पॉट दर थोड्या वेळाने आपोआप बंद होत असेल, तर ‘टर्न ऑफ ऑटोमॅटिकली’ हा पर्याय फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावरच असतो.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत बसून बँकेचं किंवा आयकराचं काम करायचं असेल तर कॅफेच्या वाय-फायपेक्षा स्वतःचा फोन जोडावा. कॅफेचा पासवर्ड सगळ्यांकडे असतो, तो राउटर कोण सांभाळतं हे आपल्याला माहीत नसतं. फोनच्या नेटवर तुम्ही आणि तुमची मोबाइल कंपनी, मध्ये तिसरा नाही. जोडलेल्या उपकरणांची यादी हॉटस्पॉटच्या पानावर दिसते. अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड बदला. मित्राला एकदा दिलेला पासवर्ड त्याच्या लॅपटॉपमध्ये कायम राहतो आणि पुढच्या वेळी शेजारी बसला की आपोआप जोडला जातो, एवढं ध्यानात ठेवून तो वाटावा.

ऑनलाइन परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत फोनच्या नेटवर द्यायची असेल तर केबलच. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी बसून अर्ध्या तासाची बैठक कोणाबरोबर तरी करून बघा, कारण सकाळचा आणि संध्याकाळचा वेग सारखा नसतो. फोन पूर्ण चार्ज, लॅपटॉप पूर्ण चार्ज, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू. घरात दुसरा फोन वेगळ्या कंपनीच्या सिमचा असेल तर त्याचा हॉटस्पॉटही लॅपटॉपला आधी जोडून ठेवा, म्हणजे एक पडलाच तर दुसरा दोन टिचक्यांत लागतो. आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने फोन खोलीत ठेवायला मनाई केली आहे का, हे सूचनापत्रात वाचा. तशी मनाई असेल तर ही वाट बंद, घरचं नेट असलेल्या कोणाकडे तरी जावं लागेल.

महिन्यातून दोन-तीनदा लागणाऱ्या नेटसाठी फोन उत्तम. रोज आठ तास लागत असेल तर मात्र फोनवर इतका भार टाकू नये, बॅटरीचं आयुष्य त्यात जातं. केबल न पोचणाऱ्या घरांना आता हवेतून येणाऱ्या ब्रॉडबँडचा पर्याय आहे. जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये एअरफायबर ज्या आठ शहरांत पहिल्यांदा आणलं त्यात पुणं होतं. आणि घरात फायबर असूनही तुमची अडचण फक्त गुरुवारच्या विजेची असेल, तर फोनच्या आधी राउटरच्या छोट्या यूपीएसचा विचार करा. फायबरची तार एक्स्चेंजपासून घरापर्यंत येताना वाटेत बहुधा विजेवर अवलंबून नसते, त्यामुळे घरातला फायबरचा डबा आणि राउटर जिवंत ठेवला की वीज गेली तरी नेट चालू राहतं. स्थानिक केबलवाल्याचं नेट असेल तर त्याचा स्विच इमारतीतच कुठेतरी विजेवर चालत असतो, त्याला बॅटरी आहे का हे त्याला विचारा. नसेल तर तुमचा यूपीएस फुकट जाईल. यूपीएस घ्यायला जाताना राउटरच्या ॲडॉप्टरवरची छोटी अक्षरं वाचून जा : किती व्होल्ट, किती अँपिअर. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, अँपिअर वेगवेगळे. घरात फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोन्हींचे आकडे लिहून न्या, आणि दोन्हींना पुरेल असा यूपीएस मागा.